खिशाला हलकं, हाताला भारी

रिव्हॉल्वरचा परवाना असलेला माणूस खिशातून रुमाल काढायला इतरांपेक्षा जास्त वेळ घेतो. आधी शर्ट वर जातो. मग तो काही वेळ वरच राहतो. आजूबाजूच्या सगळ्यांची नजर कमरेवर जाऊन आली की रुमाल निघतो, कपाळावरून एकदा फिरतो आणि परत जातो. घाम आलेला असलाच पाहिजे असं नाही.

वर्ध्यात हे दृश्य तसं कमी. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेव्हापासून इथल्या माणसाला हत्यार मिरवताना जरा अवघडल्यासारखं होतं. पण याच जिल्ह्यात पुलगाव आहे आणि पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातलं सर्वांत मोठं. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूगोळ्याचं कोठार, हा विनोद पुलगावातलं प्रत्येक पोर पाचवीत जाईपर्यंत एकदा तरी करून मोकळं झालेलं असतं, म्हणून मी तो करत नाही. आमच्या कॉलनीतले ठेकेदारभाऊ या दोन गावांच्या मधोमध राहतात. मनाने सेवाग्राम, कमरेने पुलगाव.

भाऊंची कामं पांदण रस्त्यांची आणि नाला खोलीकरणाची. मजुरांच्या चुकाऱ्याची रोकड सोबत असते, या कारणावर त्यांनी कधीकाळी परवाना काढला. आता चुकारा मोबाइलवरून होतो, रोकड गेली, रिव्हॉल्वर राहिलं. रिव्हॉल्वर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, पॉइंट बत्तीस बोअरचं. काडतुसं खडकीची, बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं कोरलेली. त्या रिव्हॉल्वरमधून भाऊंनी माणसावर, जनावरावर किंवा आकाशाकडे एकही गोळी झाडलेली नाही. लग्नात हवेत बार काढणं हा २०१९च्या दुरुस्तीपासून थेट गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तशीही भाऊंना आवाजाची भीती वाटते. दिवाळीत ते सुतळी बॉम्बच्या वेळी आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवतात.

त्यांची अडचण एकच, वजन. पाऊण किलोचा ऐवज दिवसभर उजव्या कमरेला अडकवून नाल्यात उतरायचं आणि चढायचं, तर पँट उजवीकडून खाली येते. पट्टा आवळला तर पोट बोलतं. पंगतीला मांडी घालून बसलं की नळी जांघेत रुतते, आणि वाढणारा पोरगा बुंदी घेऊन आला तरी भाऊंच्या चेहऱ्यावर दुःख. शेवटी त्यांच्या टेलरने उपाय काढला. उजवा पायचा अर्धा इंच आखूड शिवला. रिव्हॉल्वर कमरेला असलं की दोन्ही पायचे एका रेषेत. मात्र निवडणूक लागली आणि हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला की उजवा पायचा घोट्याच्या वर. आचारसंहिता लागल्याचं आमच्या कॉलनीला पेपरच्या आधी भाऊंच्या पँटवरून कळतं.

“सर,” भाऊ मला एका संध्याकाळी ओसरीवर म्हणाले, “तुमी सायन्सचे. हे वजन कमी कराचं काई निघालं नाई का जी?”

निघालं होतं. २०१४च्या जानेवारीत कानपूरनेच ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्वर काढलं होतं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन जेमतेम अर्धा किलो, बोअर तोच पॉइंट बत्तीस, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. मी उत्साहाने सांगितलं. भाऊंनी पुतणीला मोबाइलवर शोधायला लावलं, आणि ते खास स्त्रियांसाठी म्हणून काढलंय, दागिन्यांच्या डबीत घालून देतात, हे वाचून झाल्यावर त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. “कंबर दुखली तं दुखली,” असं म्हणाले. पुरुषाचा मान नेमका किती ग्रॅमवर उभा असतो हे विज्ञानाला मोजता आलेलं नाही, पण तो अर्धा ते पाऊण किलोच्या मध्ये कुठेतरी आहे.

मग भाऊंच्या भाच्याचा फोन आला. भाचा मूळचा आर्वी नाक्यावरचा, आता टेक्सासात स्थायिक, सॉफ्टवेअरमध्ये. तो म्हणाला, मामा, कसलं अर्धा किलो घेऊन बसलात, इकडे साडेतीनशे ग्रॅमच्या आतलं मिळतं. आणि तुमच्या बत्तीससारखं लेचंपेचं नाही, मॅग्नम! मी एक घेतलंय. रविवारी रेंजवर जातो, व्हिडिओ कॉलवर दाखवतो.

भाऊंच्या डोळ्यांत मी इतकं तेज फक्त बिल पास झाल्यावर बघितलं होतं. मी मात्र हातातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे आकडेमोड सुरू केली. शिक्षक निवृत्त होतो, सवय होत नाही.

नववीच्या विज्ञानात बंदूक आणि गोळीचं एक गणित हमखास असतं. गोळी जितका संवेग पुढे घेऊन जाते, तितकाच बंदुकीला मागे मिळतो. पोरं ते गणित सोडवतात, बंदुकीचा वेग ऋण चिन्हासकट लिहितात, दोन मार्क घेतात आणि विसरतात. त्या ऋण चिन्हाच्या पलीकडे कोणाचा तरी हात असतो, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

पॉइंट ३५७ मॅग्नम हे काडतूस स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ साली बाजारात आणलं. आधीच्या पॉइंट ३८ स्पेशलची केस तीनेक मिलिमीटरने लांबवली, का, तर हे नवं जबर काडतूस कोणी जुन्या अशक्त रिव्हॉल्वरमध्ये कोंबू नये. आणि त्यासाठी रिव्हॉल्वर केलं ते सव्वा किलोच्या घरातलं, सगळं पोलादी. म्हणजे ज्यांनी हे काडतूस बनवलं ते शहाणे होते, दणका किती येणार हे त्यांना ठाऊक होतं आणि तो प्यायला त्यांनी लोखंड ठेवलं होतं. पुढे साठ-पासष्ट वर्षांनी त्याच घराण्यात स्कँडियमचा शोध लागला. म्हणजे मूलद्रव्य १८७९ सालीच सापडलं होतं, पण ते चिमूटभर ॲल्युमिनियममध्ये घातलं की ॲल्युमिनियम दणकट होतं हे रशियनांनी मिग-२९ विमानाच्या निमित्ताने दाखवून दिलं. तोच मिश्रधातू सांगाड्याला, टायटॅनियम सिलिंडरला, आणि झालं साडेतीनशे ग्रॅमच्या आतलं पाच गोळ्यांचं मॅग्नम. काडतूस मात्र तेच, १९३५चं. त्याला कोणी सांगितलंच नाही की घर बदललं.

कापसाने भरलेल्या बंडीला आणि लुनाला सारखाच धक्का दिला तर काय होईल, हे भाऊंना विचारलं. “लुना जाईन ना बाप्पा सरळ नालीत,” भाऊ म्हणाले. बरोबर. मी पत्रिकेवर आकडे मांडले. दहा ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेग, शिवाय मागून सुसाट निघणारा जळका वायू. हे सगळं सव्वा किलोच्या रिव्हॉल्वरमधून सुटलं तर रिव्हॉल्वर मागे येतं ते ताशी चौदा-पंधरा किलोमीटरने, म्हणजे सायकलच्या वेगाने. भरलेल्या चारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमधून सुटलं तर ताशी चाळीसच्या वर. भाऊंचं पॉइंट बत्तीस काडतूस इतकं सौम्य, की ते अर्ध्या किलोच्या ‘निर्भीक’मधून झाडलं तरी वेग ताशी दहाच्या आसपास राहतो. तुलनेला बारा बोअरची बंदूकही घेतली. तिच्या धक्क्याची एकूण ऊर्जा या छटाकभर मॅग्नमपेक्षा जास्त भरते. पण ती तीन किलोची, सावकाश येते आणि खांद्यावर पसरून बसते. मॅग्नम येतं ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यात. तिथे माणसाला देवाने नुसती कातडी दिली आहे.

“म्हणजे भाऊ,” मी म्हणालो, “कमरेचं जेवढं वजन उतरलं ते तळहाताच्या खात्यावर चढलं.”

“एका गोळीचंच ना पण?” ठेकेदार माणूस, एकदाच द्यायचं असेल तर त्याला काही वाटत नाही.

रविवारी रात्री साडेआठला आम्ही ओसरीवर जमलो. टेक्सासात सकाळ. भाच्याने मोबाइल स्टँडला लावला, कानावर मोठे मफ चढवले, डोळ्यांना चष्मा लावला, आणि हिंदी सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखा एक हात सरळ केला. इथेच मला संशय आला. सिनेमातल्या बंदुकीत बहुधा गोळीच नसते, नुसती दारू भरलेलं कोरं काडतूस असतं. गोळी नाही तर दणका जवळजवळ नाही. म्हणून नायक एका हाताने दहा माणसं पाडतो आणि दुसऱ्या हाताने नायिकेला सावरतो. आणि १९७१च्या ‘डर्टी हॅरी’तलं ते पॉइंट ४४ मॅग्नमसुद्धा सव्वा किलोच्या वरचं होतं. क्लिंट ईस्टवूडने खिशाचा विचार केला नव्हता.

भाच्याने चाप ओढायला सुरुवात केली. ओढतच राहिला. अशा रिव्हॉल्वरचा चाप ओढायला पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो, आणि रिव्हॉल्वर स्वतः गोळ्यांसकट चारशे ग्रॅमचं. त्यामुळे आधी चाप मागे यायचा की रिव्हॉल्वरच पुढे डुगडुगायचं, याचा निकाल लागायला वेळ लागतो. निकाल लागला. आमच्या मोबाइलवर एकदम पांढरं झालं, आवाज फाटला, आणि पुढच्या क्षणी दिसलं ते असं: लक्ष्याचा कागद जसाच्या तसा, रिव्हॉल्वरची नळी छताकडे, आणि भाचा आपल्या हाताकडे बघतोय, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

“लागली का?” भाऊंनी विचारलं.

भाच्याने बोट दाखवलं. मधल्या बोटाच्या सांध्यावर चापाच्या कडीने टोला हाणला होता. लागली होती.

रेंजवरचे एक वयस्क गृहस्थ, बहुधा तिथले निरीक्षक, शांतपणे जवळ आले. त्यांना हे नवीन नसावं. मग पुढचा अर्धा तास त्यांनी जे शिकवलं, त्याचं मराठी भाषांतर भाचा आम्हाला धापा टाकत सांगत होता आणि मी पत्रिकेच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहून घेत होतो.

नळी मनगटाच्या वर असते, म्हणून धक्का रिव्हॉल्वरला नुसता मागे ढकलत नाही, वर फिरवतो. मूठ जितकी उंच धराल तितकं ते फिरणं कमी. एका हाताने नाही, दोन्ही हातांनी, कोपर ताठ नाही पण मनगट पक्कं. डावा अंगठा उजव्या अंगठ्यावर आवळायचा, पुढे न्यायचा नाही. कारण सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये केसभर फट असते, तिथून तापलेला वायू बाजूला सुटतो आणि तो चामडी चिरतो. भाच्याने आधी साधं पिस्तूल वापरलेलं, अंगठे पुढे ठेवायची सवय, त्यामुळे निरीक्षकांनी त्याचा अंगठा दोनदा उचलून जागेवर ठेवला. अंगठा वाचला हे मी पुण्यकर्म समजतो.

मग मुठीचा प्रश्न आला. बारीक लाकडी मूठ असेल तर धातूचा कणा थेट हातावर आदळतो, म्हणून कणा झाकणारी जाड रबरी मूठ बसवायची. धक्का खरंच मऊ होतो. पण रबर कापडाला चिकटतं. रिव्हॉल्वर खिशातून ओढलं की सोबत खिशाचं अस्तरही बाहेर येतं, त्यातल्या किल्ल्या, सुटे पैसे आणि बडीशेपेची पुडी यांच्यासह. हल्लेखोर तोपर्यंत थांबेल असं गृहीत धरावं लागतं. शिवाय मूठ जाड झाली की ते खिशात मावत नाही, आणि खिशात मावावं म्हणून तर हा सगळा संसार मांडलेला.

त्याहून सोपा उपाय म्हणजे काडतूसच सौम्य घ्यायचं. पॉइंट ३५७च्या रिव्हॉल्वरमध्ये पॉइंट ३८ स्पेशल आरामात बसतं, गोळीचा व्यास तोच. निरीक्षकांनी तेच भरून दिलं. भाच्याच्या पुढच्या पाचपैकी तीन गोळ्या कागदावर लागल्या. सगळे खूश. फक्त भाऊ गप्प होते. जरा वेळाने म्हणाले, “म्हणजे मॅग्नम घ्याचं, अन् त्यात मॅग्नम भराचं नाई.” या वाक्याला कोणाकडे उत्तर नव्हतं. अशी रिव्हॉल्वर बाळगणारे पुष्कळ जण जगभर हेच करतात.

हलक्या काडतुसांचीही एक गोम आहे. गोळी अगदी हलकी असेल तर जळती दारू टायटॅनियमच्या सिलिंडरचं तोंड कुरतडते, म्हणून काही मॉडेलांच्या नळीवरच कोरून ठेवलेलं असतं की १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका. आणि जड गोळीचं मॅग्नम भरलं तर दुसरीच गंमत. रिव्हॉल्वर इतक्या झटक्याने मागे येतं की न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात आणि केसमधून पुढे सरकतात. एखादी पुरेशी सरकली की सिलिंडर अडतो. पहिली गोळी झाडून उरलेल्या चारांना आपणच कोंडून ठेवलं, अशी अवस्था. मी शाळेत जडत्व शिकवताना ग्लासावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर नाणं ठेवायचो. हे उदाहरण माहीत असतं तर मागच्या बाकावरची पोरं नक्की जागी राहिली असती.

पण सगळ्यांत मजा आली ती शेवटच्या धड्यात. निरीक्षक म्हणाले, खरा दणका हातात नसतो, डोक्यात असतो. एकदा सणसणीत बसला की शरीर पुढच्या वेळी आधीच दचकतं, चाप सुटायच्या आत मनगट नळी खाली दाबतं आणि गोळी जमिनीत जाते. भाचा म्हणाला, मी नाही दचकत. तेव्हा त्यांनी पाठ फिरवून सिलिंडरमध्ये काही खरी आणि काही वापरलेली रिकामी काडतुसं मिसळून भरली, गरगर फिरवून बंद केलं आणि हातात दिलं. भाच्याने नेम धरला, दात आवळले, चाप ओढला. ‘टक्’. रिकामं. आवाज नाही, धूर नाही, दणका नाही, तरी रिव्हॉल्वरने चार बोटं खाली डुबकी मारलेली, भाच्याचे डोळे घट्ट मिटलेले आणि खांदे कानाला लागलेले. न झालेल्या स्फोटापासून तो पूर्णपणे बचावला होता.

ओसरीवर आम्ही इतके हसलो की शेजारच्या वहिनी दार उघडून बघायला आल्या. भाऊ हसता हसता एकदम थांबले. त्यांच्या लक्षात आलं असावं की व्हिडिओतल्या प्रत्येक ‘टक्’ला त्यांचेही डोळे मिटत होते.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा उजवा हात सुजला. माउस धरता येईना म्हणून त्याने आठवडाभर डाव्या हाताने काम केलं, आणि ऑफिसात कारण काय सांगायचं म्हणून जिममध्ये लागलं असं सांगितलं. रिव्हॉल्वर सध्या कपाटात आहे. मला विचाराल तर या जातीच्या हत्याराची जागा तीच. ते पुष्कळ बाळगायला आणि क्वचित झाडायला केलेलं असतं, आणि क्वचित झाडायचं हत्यारच नीट झाडता यायला सर्वांत जास्त सराव मागतं. तो सराव करायला हात तयार नसतो.

भाऊंचं समाधान मात्र होईना. पुढच्या आठवड्यात समुद्रपूरकडे एका पांदण रस्त्याचं मोजमाप होतं, मलाही गाडीत घेतलं. तिथे धुऱ्यावर एक म्हातारे शेतकरी भेटले. त्यांच्याकडे भरमार बंदूक, रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी. पीक राखायला अशी तोंडाकडून भरायची बंदूक देण्याची सोय १९५९च्या शस्त्र कायद्यातच आहे. दारू हाताने मोजून घालायची, त्यामुळे दणका किती हवा हे ज्याचं त्याने ठरवायचं. या एका बाबतीत ती टेक्सासच्या पुढे आहे. भाऊंनी त्यांना सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, बाबाजी, हलकं हत्यार अन् दणकाही नाही, असं काही जमते का?

बाबाजींनी चुन्याची डबी काढली, तंबाखू मळली, दाढेखाली ठेवली. “मले एकडाव दारू जास्त झाली होती,” ते म्हणाले. “डुक्कर उभंच रायलं. मी पडलो.” थोडं थांबून म्हणाले, “खांद्याले दाबून धराव लागते. सैल धरशीन तं मधात जागा रायते, अन् त्या जागेतूनच मारते ते.” आणि मग भाऊंच्या कमरेकडे बघून, “तुह्यं केवढ्याचं हाय?”

भाऊंनी किंमत सांगितली.

“डुक्कर पळते का त्यानं?”

परत येताना भाऊ हिंगणघाटपर्यंत काही बोलले नाहीत.

मागच्या विधानसभेच्या वेळी नेहमीप्रमाणे हत्यार जमा करायचा आदेश आला. भाऊ ठाण्यात गेले, रिव्हॉल्वर आणि काडतुसं मोजून दिली, पावती घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याला मी मुद्दाम त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पायचे एका रेषेत. शर्टाखाली उजव्या कमरेला फुगवटाही होता. म्हटलं, भाऊ, आचारसंहिता आहे, हे काय? त्यांनी मला बाजूला घेतलं आणि शर्ट वर केला. चामडी म्यानात वीस हजार एमएएचची पॉवर बँक होती. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, भाच्याच्या भरलेल्या मॅग्नमइतकं. अर्ध्या इंचाच्या पायच्यासाठी ते कमी पडत होतं, म्हणून सोबत घराच्या किल्ल्यांचा जुडगा टाकलेला.

पंगतीत त्यांनी रुमाल काढला तेव्हा समोरच्या ओळीतली मंडळी पूर्वीसारखीच जरा सावरून बसली. फक्त वाढायला आलेल्या पोराची नजर शर्टाखालून लोंबणाऱ्या पांढऱ्या वायरवर गेली. त्याने बुंदीचं भांडं खाली ठेवलं आणि आदबीने विचारलं, “भाऊ, टाइप-सी हाय का?”